समुद्र दिसणारी भिंत

घ्यायचं ठरलेल्या घराच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, "डाउन पेमेंट वाढवू, हप्ता उतरेल. डागडुजी नंतर बघू." हप्त्याची धास्ती तिलाच जास्त होती, कडेवर बाळ होतं. पण 'नंतर बघू' बाबाही म्हणायचे. माहेरच्या घरात आईला ओट्यासमोर खिडकी हवी होती. साठलेले पैसे दरवेळी कर्जात जायचे. शेवटी आईने तिथे कॅलेंडरवरचं चित्र चिकटवलं. "यंदा खिडकीतून समुद्र दिसतो बरं," ती भाजी चिरताना सांगायची आणि बाबा मोठ्याने हसायचे. बाबा गेले, घर विकलं, आई लेकीकडे राहायला आली, खिडकी राहूनच गेली. "हप्ता मोठा बसू दे. इथे खिडकी करू," ती म्हणाली. "म्हणजे माझी खटारा मोटारसायकल अमर झाली," नवरा हसला. सोबत आलेल्या गवंड्याने खडूने चौकट आखली. दारातच थांबलेली आई पुढे झाली. "दादा, जरा खाली घ्या. माझी उंची बेताची आहे."