नवऱ्याचं भाषांतर

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही," प्रसन्न म्हणाला, "पण मी झाल्यावर आठवड्याच्या आत आईनं भरलेला सिलिंडर तीन मजले चढवला. पोटावर टाके, आणि गोळी म्हणून एक नाही."

मागच्या खेपेला त्यानं हे सांगितलं तेव्हा हाच सिलिंडर एकच मजला चढला होता. पण बायकोच्या, वैभवीच्या अंगात ते बोलून दाखवायचं त्राण नव्हतं. सिझेरियनचे टाके असे ठणकत, की विहानला छातीशी धरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो ओढायला लागला, की तीच अंग चोरायची. त्याचं पोट भरत नव्हतं. असंच चाललं असतं तर अंगावरचं पाजणं सुटलंच असतं.

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या त्या फ्लॅटवर बाळंतिणीला बघायला हेबामे यायची, म्हणजे इथली सुईण. वैभवीला जर्मन येत नव्हतं. या देशात तिचे कान म्हणजे प्रसन्न आणि तिची जीभही तोच. दुखण्यावरची गोळी घेऊन पाजलं तर चालेल का, हे तिनं पहिल्याच भेटीत त्याला विचारायला लावलं होतं. सुईण भरभरून बोलली होती. त्यानं त्याचं एवढंसं केलं: दुधात उतरतं, सोसवेल तितकं सोसायचं म्हणते. वैभवीनं सोसलं. रात्री उशी दातांत धरून सोसलं.

आज तिनं पुन्हा विचारायला लावलं. सुईण पुन्हा भरभरून बोलली. प्रसन्न म्हणाला, तेच म्हणते. आणि मग सिलिंडर.

सुईणीनं वैभवीचा पांढराफटक चेहरा पाहिला. टेबलावरची हॉस्पिटलनं दिलेली इबुप्रोफेनची पट्टी उचलली, एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. विहानकडे बोट दाखवलं आणि सावकाश, ठाम मान डोलावली.

वैभवीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून पार्किंग बघत होता.

व्हिसा रखडल्यामुळे कालच पोचलेल्या त्याच्या आई, कुंदाताई, बाळंतशेपा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"सिलिंडर ह्यांनी चढवला होता. मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊनच तुला पाजलं. तुला भीती वाटते, तर तसं म्हण ना. त्या बाईंच्या तोंडी कशाला घालतोस?"