कमरेचं पिस्तूल

रँचवर गुरांमागे घोड्यावरून फिरताना कमरेला लावायला पिस्तूल हवं, म्हणून व्हर्लिनची बायको इडेला क्लीटच्या बंदुकांच्या दुकानात आली. पहिलंच पिस्तूल तिने पट्ट्यात अडकवलं आणि बुटासकट एक पाय खुर्चीवर टाकून सरळ जमिनीवर उताणी पडली.

"बाई, पिस्तूल घेताय की गादी?" क्लीट म्हणाला. कॉफी पीत बसलेले आम्ही सगळे खो खो हसलो.

"पाय रिकिबीत अडकला आणि घोडा फरफटत न्यायला लागला, तर त्याला गोळी घालता यायला हवी," ती म्हणाली.

लांब नळीची दोन पिस्तुलं पडल्या पडल्या तिच्याने उपसवेनात. आखूड नळीचं एका झटक्यात हातात आलं.

"हे खेळणं कशाला? व्हर्लिनला मी चांगलं दांडगं दिलंय, अस्वल लोळवेल असलं. नवऱ्याचंच लावा की!"

"कमरेला जड होतं म्हणून तो ते खोगिराला लटकवायचा," ती खालूनच म्हणाली. "काल घोड्याने घरी आणलं. पिस्तुलावर ओरखडासुद्धा नाही. मागे फरफटत आलेला व्हर्लिन मात्र मला बुटावरून ओळखावा लागला."