पिंपातलं पाणी

सूर्यावरचं वादळ दुपारी पृथ्वीवर येऊन थडकलं आणि सांगलीतली वीज गेली. चार दिवस तरी ती येणार नाही, हे आधीच जाहीर झालं होतं. सुमित्राबाईंनी ज्वारीचं पीठ, बेसन, कोळसा आणि पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. कमलाकरराव शेगडी पेटवत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची रेवती दारात आली.

"काकू, थोडं पाणी मिळेल? माझं जेवण बनवणारं यंत्र बंद पडलंय, आणि हवेतून पाणी काढणारंही. घरात दुसरं काहीच नाही."

"काही साठवलं नाहीस?"

"काय साठवायचं असतं, तेच माहीत नव्हतं," ती ओशाळून म्हणाली.

पिंप दोघांपुरतंच होतं. सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी चार दिवस आंघोळ केली नाही तर चालेल," ते म्हणाले. "चालेल काय, आवडेल!"

रेवती हसत आत आली आणि तिथेच राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी वीज आली. वरच्या घरातलं यंत्र आपोआप सुरू झालं आणि नाश्ता तयार झाल्याची शिटी देऊ लागलं. रेवतीचे हात पिठाने माखले होते. तव्यावर तिची पहिली धड भाकरी टम्म फुगत होती.

"वाजू दे," ती म्हणाली.