फीत

शर्यतीत ओवी सगळ्यांच्या पुढं होती, पण फितीपाशी येऊन ती गचकन थांबली. मागच्या पोरीही थांबल्या. छातीचा घाम लागला की फीत रंग बदलायची, बाई असेल तर हिरवी, नाहीतर लाल. गेल्या साली पहिली आलेल्या पोरीला या फितीपायी गाव सोडावं लागलं होतं.

"तोड की गं, भित्रे!" कुंपणापलीकडून तिच्या आईची आई, ठकूआजी, ओरडली.

"आजी, लाल झाली तर?"

"त्या मेल्या चिंधीला काय कळतंय बाईपण?" पदर खोचून आजी मैदानात शिरली. "सहा लेकरं जन्माला घातलीत मी. आता मला सांग!" आणि तिनं छातीनं फीत तोडली.

फीत लालभडक झाली.

पंच नवी फीत घेऊन जवळ आला, ओवीकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "आजी, त्या सहांत मुली किती? त्यांनाही फीत तोडावी लागेल."