प्रुइटची खिडकी

हार्लन प्रुइटचा हिशेब सरळ होता. गाद्यांच्या धंद्यातले चार लाख डॉलर गावातल्या नव्या बेसबॉल स्टेडियमला द्यायचे आणि बदल्यात दोन गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या. मैदानापलीकडची त्याची सहामजली इमारत, माथ्यावरच्या नावासकट, प्रत्येक खुर्चीतून दिसावी. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खिडकीतून त्याला रोजचा सामना दिसावा. मध्ये आठ फुटांहून उंच काही बांधायचं नाही, हे कलम त्याने करारात स्वतः घालून घेतलं.

स्टेडियमचे नकाशे रेनाटा कोस्लोने काढले होते. ती म्हणाली, "मिस्टर प्रुइट, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मागे उंच काळी भिंत लागते. तुमच्या इमारतीच्या काचांच्या झगमगाटात पांढरा चेंडू फलंदाजाला दिसायचा कसा?"

"त्याला चष्मा घेऊन दे, पोरी. भिंत बघायला तिकीट कोण काढतं?"

स्टेडियम झालं देखणं. विटांच्या कमानी, नदीकडे उघडा कोपरा, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही खेळ दिसेल असं जाळीदार फाटक. पहिल्याच सामन्यात, पावणेसातला, मावळतीचं ऊन प्रुइटच्या काचांवर आपटून परत फिरलं. फलंदाज लुइस अर्बिनाला चेंडू कळला तो हेल्मेटवर आदळल्यावरच. उठून त्याने धूळ झटकली आणि पंचाला विचारलं, "चेंडू पिचरने टाकला की गादीवाल्याने?"

दोन दिवसांत लीगचं पत्र आलं. मागे काळं नसेल तर इथे खेळ नाही. भिंत बांधावी तर कलम आडवं, कलम सोडावं तर नाव झाकलं जाणार. प्रुइट आठवडाभर अडून बसला. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत जो तो त्याला विचारू लागला, "काय हार्लन, आज तरी सामना आहे का?"

शेवटी तो रेनाटाकडे गेला. "नाव दिसलं पाहिजे. बाकी काय ते तू बघ."

"नाव वर आहे, ते नडत नाही. नडतात दुसरा, तिसरा आणि चौथा मजला. त्यांना बाहेरून काळं कापड ताणून बसवू. भिंत बांधायलाच नको."

नाव शाबूत, कलमही शाबूत. प्रुइटने जागच्या जागी हात मिळवला.

आता रोज संध्याकाळी नऊ हजार माणसं त्याचं नाव वाचतात. कापडाचे एकोणीस हजार त्यानेच भरले. तिसऱ्या मजल्यावर तो भरदिवसा दिवा लावून बसतो, आणि सामना रेडिओवर ऐकतो.