वाटणीतले स्पीकर

जगसीरच्या उघड्या जीपमधून येणारं गाणं आता गाणं राहिलं नव्हतं. ढोल फाटत होता, गाणाऱ्याचा गळा खरवडल्यासारखा वाटत होता. तरी त्याने डेकचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. जत्रेतली पोरं नाचतच होती. पोरांना काय, गोंगाट झाला की झालं.

कुणाच्या जीपचा आवाज मोठा, अशी जत्रेत स्पर्धा लागली होती, आणि समोरच्या जीपमध्ये त्याचा थोरला भाऊ नाहरसिंग बसला होता. बापूजी गेल्यावर दोघांनी वाटणी केली, तीही इतक्या अकलेने की जोडीचा संच फोडला. अँप्लिफायर थोरल्याला, स्पीकर धाकट्याला. त्या दांडग्या स्पीकरांना जगसीरने एक लहानसा अँप जोडला होता. लहान अँपने मोठे स्पीकर जळूच शकत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत.

"काय वीरजी, घसा बसला का?" तो थोरल्या भावाला ओरडला. लोक हसले.

नाहरसिंग उतरून जवळ आला. त्याला करपल्याचा वास आला.

"ओये, कमी कर! जळतील ते."

"एवढ्याशा अँपने? हरायला लागलात म्हणा की!"

"एवढासाच आहे म्हणून! झेपेना की तो किंचाळतो, आणि किंचाळला की स्पीकर जाळतो. बापूजी सांगून थकले तुला."

जगसीरने बटण सोडलं नाही. जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली.

नाहरसिंगने आत हात घातला आणि डेक बंद केला.

नाचणारी पोरं जागीच थांबली. दुसऱ्याच्या डेकला हात लावणारा बाद, हा इथला नियम. "नाहरसिंग बाद!" पंच माईकवर म्हणाला. जगसीरने भावाचं मनगट पकडलं. नाहरसिंगने ते सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताचा तळवा त्याने स्पीकरच्या जाळीवर ठेवला.

"तापलाय. पण वाचलाय."

जगसीरची पकड सैल पडली.

नाहरसिंग पाना घेऊन आपल्या जीपकडे गेला. बापूजींचा अँप उतरवून त्याने तो धाकट्याच्या मांडीवर आणून ठेवला.

"आणि तुमची जीप?"

"ती बाद झाली. ऐकलं नाहीस?"

दोघं जोडणीला बसले. कुठली तार कुठे, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. जगसीरने बटणावर बोट ठेवलं.

"वीरजी, किती ठेवू?"

"अर्ध्यावर. आता ओरडायचं कशाला?"