पाचवी जबानी

इस्त्रीवाल्याच्या जबानीवर फौजदारबाईंनी तिरकी रेघ मारली आणि कागद बाजूला सारला. उरले चार. ते चारही एकमेकांना धरून होते.

अकरा वाजले होते. सात वर्षांची मुलगी सकाळी आठला घरातून निघून गेली होती. फौजदारबाईंकडे साक्षीदार पाच आणि गाड्या दोनच. गाड्या कुठे पाठवायच्या, ते या कागदांवरून ठरायचं होतं.

बाई मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. अंदाजावर काम करणं त्यांना जमत नसे. त्यांनी कागदावर रकाने आखले होते: अंतर, उजेड, किती वेळ पाहिलं, मध्ये काही आड होतं का. निवृत्त मुख्याध्यापकांनी दहा पावलांवरून, स्वच्छ उन्हात पाहिलेलं, त्यांना दहापैकी नऊ. औषधाच्या दुकानातल्या बाईंना आठ. कंडक्टर आणि पेपरवाल्याला सात-सात. चौघांचं सांगणं एकच होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, बसस्टँडच्या दिशेने.

इस्त्रीवाल्याने रस्त्यापलीकडून पाहिलेलं, तेही इस्त्रीच्या वाफेतून. म्हणे पोरगा होता, बारीक केसांचा. डोकं दोन्ही हातांनी झाकून पाण्याच्या टाकीकडे पळत गेला. त्याला तीन गुण.

“मॅडम, यांनी तर मुलीचा फोटोही बघितलेला नाही,” हवालदार म्हणाला. “प्रत एकच होती, ती तेव्हा मुख्याध्यापकांच्या हातात. मी आपलं नुसतं विचारलं, आठच्या सुमारास एखादं एकटं पोर दिसलं का. तर हे म्हणतात, पोरगा! अहो आजोबा, मुलगी हरवलीय. आधी त्या चष्म्याला इस्त्री मारा.”

सगळे हसले. फौजदारबाईही हसल्या. दाराशी उभा असलेला म्हातारा ओशाळून हसला आणि दुकानाकडे परत गेला. दोन्ही गाड्या बसस्टँडकडे सुटल्या.

दीड वाजता स्टँडवरून फोन आला. काहीच हाती लागलं नव्हतं. आता पुढच्या गावांना वर्णन कळवायला हवं होतं. फौजदारबाईंनी मुलीच्या आईला आत बोलावलं. सोबत तिची नणंद आली. सकाळपासून तीच बोलत होती. आई नुसती मान हलवत होती.

“ताई, रिबिनी लालच होत्या ना? नक्की?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“बोल की गं वहिनी,” नणंद म्हणाली. “मॅडम काय विचारतायत?”

“रिबिनी नव्हत्या.”

“मग वेण्या कशाने बांधल्या होत्या?”

“बांधायला केसच नव्हते.” आईचा आवाज खाली खाली गेला. “उवा झाल्या होत्या. शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. सकाळी मी रागाच्या भरात कात्री घेतली. ती नको नको म्हणून ओरडत होती. मी तिला गुडघ्यांत दाबून धरलं आणि कापत सुटले.”

नणंदेने तोंडावर हात ठेवला.

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?” फौजदारबाईंचा आवाज चढला.

“तुम्ही फोटो समोर धरलात आणि विचारलंत, हीच ना? मी हो म्हटलं.” आईने मान वर केली नाही. “मग पुढचं सांगायची लाज वाटली.”

फौजदारबाईंनी चारही जबान्या पुन्हा समोर ओढल्या. दोन वेण्या आणि लाल रिबिनी त्या फोटोत होत्या. तो फोटो त्यांनीच फिरवला होता, आधी दाखवून मग विचारायला त्यांनीच सांगितलं होतं. सकाळी आठला वेण्या घातलेल्या मुली प्रत्येक रस्त्यावर असतात. चौघेही खोटं बोलले नव्हते. फोटोशिवाय विचारलेला माणूस एकच होता.

गाडी यायची वाट न बघता त्या हवालदाराच्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

टाकीजवळच्या पंपघरामागे, दोन जाड पाइपांच्या मधे मुलगी बसली होती. डोक्यावर रिकामं पोतं ओढलेलं. घसा रडून बसलेला. तिच्यापासून चार पावलांवर तळटाकीचं तोंड उघडं होतं. ते पाहिल्यावर हवालदाराने बाईंकडे बघायचं टाळलं.

“चल, आई वाट बघतेय,” फौजदारबाई म्हणाल्या.

“केस आले की येणार आहे,” मुलगी म्हणाली.

मग त्यांनी तिला पोत्यासकट उचलून घेतलं. तपासायला दवाखान्यात नेलं, आईला तिकडेच बोलावून घेतलं आणि मुलगी तिच्या हातात दिली. आई त्यांचे आभार मानू लागली. त्यांना ते ऐकवेना. काम आहे, असं काहीतरी पुटपुटत त्या निघाल्या.

चौकीत शिरल्या तर बाकावर इस्त्रीवाला बसलेला. तासभर झाला होता म्हणे. अंगात स्वतः इस्त्री केलेला शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मुलगी सापडल्याचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना बघून तो धडपडत उभा राहिला.

“आजोबा, बसा,” फौजदारबाई म्हणाल्या. माफी कुठल्या शब्दात मागायची, याची त्या जुळवाजुळव करत होत्या. “मीच तुमच्याकडे येणार होते.”

“नको, नको बाईसाहेब, तुम्ही कशाला? चूक माझी आहे.” त्याने हात जोडले. “मुख्याध्यापकांनी समजावलं मला. घरीसुद्धा सगळे ओरडले, म्हातारपणी पोलिसांची दिशाभूल करतोस म्हणून. चार शिकलेली माणसं सांगतायत तर ते तसंच असणार. मला आता आठवतंय सगळं, अगदी स्पष्ट. लिहून घ्या बाईसाहेब, दोन वेण्या होत्या.”